काकांचे नापास प्रोग्रॅम

काकांचा प्रोग्रॅम पुन्हा एकदा पास झाला, आणि काकांनी कपाळाला हात लावला.

ही काही रीत नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. चांगल्या घरचा प्रोग्रॅम पास झाला की त्याचा धनी खुर्चीत मागे रेलतो, डोक्यामागे बोटं गुंफतो आणि शेजारच्याला चहाला चलण्याचा आग्रह करतो. पण काकांना जे काम मिळालं होतं त्यात प्रोग्रॅम नापासच व्हायला हवे होते. बाकीचे सगळे आज्ञाधारकपणे नापास होत असताना दोन कार्टी मात्र काही केल्या नापास व्हायला तयार नव्हती.

हे काम नेमकं काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर काकांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाटेल, आणि ते तितकंसं खरं नाही. त्यांची कंपनी कंपायलर बनवायची. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या गळी उतरवणारा, आणि उतरवण्याआधी त्यातल्या चुका काढून तो तोंडावर परत फेकणारा, असा हा प्रोग्रॅमांचा सासरा. ही भाषाही साधीसुधी नव्हती. लिफ्ट, दवाखान्यातले पंप, आगगाडीचे ब्रेक अशा यंत्रांच्या पोटात चालणारी ती भाषा, त्यामुळे तिच्यात शिस्त फार. मुख्य शिस्त अशी की एखादी वस्तू उसनी घेतली, तर ती किती काळ वापरता येईल याची खूण करायची. त्या खुणेला लाइफटाइम म्हणतात. मालकाने वस्तू मोडीत काढल्यावरही उसनी घेणारा ती वापरत बसला, तर कंपायलरने तिथेच हात धरायचा.

इथवर ठीक होतं. पण त्या भाषेत ट्रेट नावाचा एक करार असतो, की जो कोणी यावर सही करील त्याला अमुक कामं आली पाहिजेत. तो करार जेनेरिक केला की सही कोण करणार हे कोरंच राहतं. त्यात लाइफटाइमची खूणही कोरीच ठेवली की काय होतं? कोण ते माहीत नसलेल्या माणसाने, काय ते माहीत नसलेली वस्तू, कधीपर्यंत ते माहीत नसताना उसनी घ्यायची. अशा करारांत मुद्दाम घोटाळे करून ठेवायचे आणि कंपायलर ते पकडतो का हे तपासायचं, हे काकांचं काम. त्यांनी आयुष्यभर सरळमार्गी प्रोग्रॅम लिहिले होते. आता उतारवयात त्यांना पगार घेऊन वाकडे प्रोग्रॅम लिहावे लागत होते.

उतारवय हा शब्द त्यांचा नव्हे, ऑफिसचा. खरं तर पन्नाशीला अजून अवकाश होता. पण पहिल्याच दिवशी कुणीतरी "काका, तुमची खुर्ची इकडे" म्हणालं आणि विषय संपला. पुढे कुणीतरी आपलं आडनाव विचारील म्हणून त्यांनी बरीच वाट पाहिली, पण ते झालं नाही. त्यांच्या वरच्या मॅडमसुद्धा त्यांच्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या आणि त्याही काकाच म्हणत. नोकरी अजून कच्ची होती. "हे काम नीट पार पडलं की तुम्हाला कायम करायचं बघू," असं मॅडम म्हणाल्या होत्या, आणि त्या वाक्यातल्या "बघू"ने काकांची झोप उडवली होती. या वयात पुन्हा नोकरी शोधायची वेळ आली, तर लोक काकांचे आजोबा करून दारातूनच परत पाठवतील अशी त्यांची खात्री होती.

घरी वेगळीच तऱ्हा. त्यांची बायको एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर बसायची. दिवसभर दुसऱ्यांच्या कळा ऐकून आल्यावर तिला घरात शांतता हवी असे. मुलीची प्रवेशपरीक्षा तोंडावर आलेली. अशात काका एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर म्हणाले, "आज फार बरं वाटलं. जवळजवळ सगळे नापास झाले."

मुलीने घास ताटात ठेवला आणि ती उठून आत गेली.

"अहो, तुम्हाला काही पोच आहे का?" बायको म्हणाली. "पोरगी आधीच धास्तावलीय. या घरात परीक्षा होईपर्यंत तो शब्द काढायचा नाही."

"मग काय म्हणू?"

"काहीही म्हणा. पडले म्हणू नका, नापास म्हणू नका. आणि कुणी नापास झाल्यावर हसू तर मुळीच नका."

तेव्हापासून काका घरी "आज बऱ्याच जणांना नकार मिळाला" असं बोलू लागले. त्याचा वेगळाच परिणाम झाला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी बायकोला जिन्यात गाठून, "मुलीसाठी स्थळं बघायला इतक्यात कशाला सुरुवात केलीत," म्हणून विचारलं.

वरच्या मजल्यावर हेडसर राहत. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. कुणाच्याही अडचणीवर त्यांच्याकडे सल्ला तयार असे, आणि अडचण नसेल तर ते ती शोधून देत. काकांचा चेहरा उतरलेला पाहून एका रविवारी ते खाली आले आणि खुर्ची ओढून बसले.

"मला समजेल असं सांगा," ते म्हणाले. "ज्याला विषय कळलेला असतो त्याला तो शेंबड्या पोरालाही सांगता येतो."

काकांना कराराचं, ट्रेटचं काही सांगावंसं वाटेना. त्यांनी सोपं उदाहरण शोधलं आणि नेमकी तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. "असं बघा सर, समजा कुणी माझी शिडी उसनी नेली. आता ती कधीपर्यंत ठेवायची, याची काहीतरी मुदत असायला हवी की नाही? मुदतच ठरवली नाही, तर ती शिडी त्याच्याकडे राहते आणि मला वाटतं..."

तेवढ्यात हेडसरांचा चेहरा बदलला. काकांची शिडी खरोखरच हेडसरांकडे होती. कधी नेली होती ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण गेल्या रंगकामाच्याही आधी.

"कळलं," हेडसर म्हणाले आणि उठले.

"सर, मी आपलं उदाहरण म्हणून..."

"उदाहरण उत्तम आहे."

थोड्याच वेळात जिन्यातून धडपड ऐकू आली. हेडसरांनी स्वतः शिडी खाली आणली, काकांच्या दाराशी उभी केली, "पायऱ्या मोजून घ्या" एवढंच म्हणाले आणि निघून गेले. ती शिडी ठेवायला घरात जागा नव्हती, कारण मधल्या काळात तिच्या जागी कपाट आलं होतं. ती दाराजवळच राहिली. सोमवारी सकाळी लगबगीने निघताना काकांच्या पायाचं बोट तिच्यावर आपटलं, आणि ते लंगडत ऑफिसला पोचले. मॅडमनी "काका, काय झालं?" असं विचारलं तेव्हा "शिडी" असं सांगून ते पुढे सरकले. लाइफटाइमचं उदाहरण देताना पाय मोडला हे सांगण्याजोगं नव्हतं.

ऑफिसात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे गुणवत्तासाहेब वाट पाहत होते. गुणवत्ता विभागाचे हे प्रमुख नेहमी हळू आवाजात बोलत, म्हणून त्यांची जास्त भीती वाटे. त्यांच्या विभागाने भिंतीवर एक मोठा पडदा लावला होता. कोणती चाचणी कशी गेली हे त्यावर दिसायचं, हिरवं म्हणजे ठीक आणि लाल म्हणजे बिनसलं. काकांचे प्रोग्रॅम ठरल्याप्रमाणे नापास झाले की चौकोन हिरवा होई, पण त्यात अक्षरं उमटत "नापास".

"पाहुणे येतात," गुणवत्तासाहेब म्हणाले. "मोठे साहेब त्यांना इथूनच घेऊन जातात. भिंतभर नापास, नापास. बरं दिसतं का ते?"

"साहेब, ते नापासच व्हायचे असतात."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. पाहुण्याला काय माहीत?"

त्यावर त्यांनी तोडगाही आणला होता. अशा प्रत्येक चाचणीच्या डोक्यावर विभागाचा एक मजकूर घालायचा: ही चाचणी नापास होणे अपेक्षित असून, त्याबाबत कोणीही गैरसमज करून घेऊ नये. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता. तो फक्त काकांच्याच नव्हे, सगळ्या टीमच्या जुन्या-नव्या नापास चाचण्यांवर एका झटक्यात चढवला जाणार होता. काकांनी संधी साधून आपलं रडगाणं गायलं. चाचणी नापास झाली एवढंच सध्या तपासलं जातं, ती कोणत्या कारणाने झाली हे तपासायचीही सोय आहे, फक्त ती सुरू करायला साहेबांच्याच विभागाची परवानगी हवी, आणि ती मागून बरेच दिवस झाले.

"विचाराधीन आहे," गुणवत्तासाहेब आणखी हळू आवाजात म्हणाले.

काका जागेवर येऊन आपल्या दोन कार्ट्यांपुढे बसले. दोन्ही प्रोग्रॅमांत घोटाळा ढळढळीत होता. उसनी वस्तू मालक गेल्यावरही वापरली जात होती, आणि कंपायलर मात्र डोळे मिटून त्यांना पास करत होता. एखादा तरुण म्हणाला असता, कंपायलर चुकतोय. काकांच्या मनात तसं आलंसुद्धा नाही. एवढी मोठी माणसं तो लिहितात, आणि आपण कच्च्या नोकरीतले. आपल्यालाच घोटाळा नीट करता आलेला नाही, चुकीचं लिहितानासुद्धा आपलं काहीतरी चुकतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते खुणा इकडच्या तिकडे करत राहिले. रिलीज, म्हणजे नवा कंपायलर गिऱ्हाइकांकडे रवाना होण्याचा दिवस, शुक्रवारवर येऊन ठेपला होता.

बुधवारी दुपारी त्यांनी आणखी एक खूण हलवली, चाचण्या पुन्हा लावल्या आणि चष्मा काढून डोळे पुसले. चष्मा घातला तर सगळं हिरवं. ती दोन कार्टीसुद्धा. नापास, नापास, सगळे नापास.

काका उठले आणि पाय दुखतोय हे विसरून मॅडमकडे गेले. "झाले," ते म्हणाले. "सगळे."

"अरे वा. काय केलंत?"

"एक खूण हलवली."

"मस्त, काका. मग शुक्रवारचं पक्कं करते."

तरंगतच ते घरी आले. मुलगी क्लासला गेली होती, त्यामुळे त्यांनी बायकोला मूळ शब्दांत बातमी सांगितली. तिने बऱ्याच दिवसांनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि चहा टाकला. एवढ्यात बेल वाजली. दारात हेडसर. रविवारपासून सल्ला न देता राहिल्याने त्यांची तब्येत थोडी उतरली होती.

"ती शिडी आतबाहेर करताना लागते हो कुणाला तरी," ते म्हणाले. "माझ्याकडे जागा आहे. मुदत तुम्ही ठरवा."

काकांनी आनंदाने शिडी देऊन टाकली, त्यांना बसवलं, आणि त्यांच्यापुढे चहा ठेवून सांगितलं, "सर, ते दोघे झाले एकदाचे नापास."

"कशात?"

"कशात म्हणजे?"

"म्हणजे कशात. पोरगा नापास झाला की आधी हेच बघायचं असतं. गणितात की भाषेत." हेडसर आरामात टेकले. "आमच्या शाळेत एकदा अख्खा वर्ग नापास झाला. वर्गशिक्षक म्हणाले, वर्गच ढ आहे. मी म्हटलं, सगळेच्या सगळे? एकजात? अहो, वर्गात एक तरी हुशार किंवा एक तरी कॉपी करणारा असतोच. चौकशी केली, तर पेपर वरच्या इयत्तेचा वाटला होता. तेव्हापासून माझा नियम, सगळे एकदम नापास झाले की मुलांकडे बघू नये."

हेडसरांना यातून स्वतःची हुशारी सांगायची होती आणि ती सांगून ते शिडीसकट वर गेले. काका मात्र तिथेच बसून राहिले. कशात, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. एवढे दिवस ज्याची वाट पाहिली ते हिरवं दिसलं, आणि एका खुणेवर श्रेय टाकून ते मोकळे झाले होते.

गुरुवारी ऑफिस उघडायच्या आधी ते दाराबाहेर उभे होते. आत जाऊन त्यांनी पहिली चाचणी हाताने चालवली आणि कंपायलर नेमका काय कुरकुरतोय ते वाचलं. उसन्या वस्तूबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. कंपायलर म्हणत होता, दुसऱ्या ओळीतला पहिला शब्द मला ओळखता येत नाही.

दुसऱ्या ओळीत गुणवत्तासाहेबांचा मजकूर होता.

माणसांसाठी लिहिलेला मजकूर प्रोग्रॅमात घालायचा असला की प्रत्येक ओळीआधी दोन तिरप्या रेघा द्याव्या लागतात, म्हणजे कंपायलर त्या ओळीकडे कानाडोळा करतो. साहेबांनी रेघा दिल्या होत्या, पण फक्त पहिल्या ओळीला. दुसरी ओळ उघडी पडली होती, आणि कंपायलर तिच्यावरच ठेचकाळून पडत होता. पुढचे करार, ट्रेट आणि लाइफटाइम त्याने पाहिलेच नव्हते. काकांनी दुसरी चाचणी उघडली, तेच. मग इतरांच्या जुन्या चाचण्या उघडल्या. तिथेही तेच. साऱ्या टीमच्या नापास चाचण्या बुधवारी मजकूर चढल्यापासून एकाच ओळीवर नापास होत होत्या, आणि भिंत हिरवीगार होती.

काकांनी गुपचूप आपल्या फायलींवरचा मजकूर काढून चाचण्या पुन्हा लावल्या. बाकीचे प्रोग्रॅम योग्य कारणाने नापास झाले. ती दोन कार्टी ऐटीत पास झाली. म्हणजे खूण हलवल्याने काहीही झालं नव्हतं.

आता खरं संकट. बोललं नाही, तर कुणाला कळण्याचं कारण नव्हतं. भिंत हिरवी, मॅडम खूश, शुक्रवार पक्का, नोकरी पक्की. बोललं, तर बुधवारी "झाले" म्हणून सांगणारा माणूस गुरुवारी "झाले नाहीत" म्हणून सांगणार. मुलीची फी, घराचा हप्ता हे सगळं काकांच्या डोळ्यांपुढून गेलं, पण त्यांच्यामागून एक दवाखान्यातला पंपही आला. त्याच्या पोटात असाच एक प्रोग्रॅम बसला होता आणि मालक गेल्यावरही उसनी वस्तू वापरत होता. पलंगावर कोण आहे ते काकांना दिसलं नाही. त्यांना त्याचीच जास्त भीती वाटली. ते उठले आणि लंगडत मॅडमच्या खोलीकडे निघाले.

खोलीत गुणवत्तासाहेब आधीच बसलेले. मोठ्या साहेबांनी सकाळीच भिंत पाहून त्यांचं कौतुक केलं होतं. काकांनी दारात उभं राहूनच, एका दमात, सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबलो तर धीर सुटेल असं त्यांना वाटत होतं.



"मजकूर शुद्ध होता," गुणवत्तासाहेब म्हणाले. "मी दोनदा वाचला होता."

"शुद्धच आहे, साहेब," काका म्हणाले. "पण कंपायलरला तो वाचता येत नाही."

मॅडमनी त्यांची दोन कार्टी आपल्या पडद्यावर उघडली. बराच वेळ त्या खाली-वर करत वाचत राहिल्या. काकांना परीक्षकासमोर उभं राहिल्यासारखं वाटत होतं, आणि दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायचंही सुचत नव्हतं.

"काका, यात तुम्हाला चूक सापडत नाहीये?"

"नाही ना. तीच शोधतोय इतके दिवस. माझं कुठेतरी..."

"कारण चूक नाहीच यात. म्हणजे आहे, पण जशी हवी तशीच आहे. तुम्ही बरोबर चुकीचं लिहिलंय. कंपायलरने पकडायला हवं होतं." त्या मागे टेकल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "हा भाग मी लिहिलाय."

काकांना आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं असं अचानक उतरलं की त्यांना रडू येईल की काय अशी भीती वाटली. चूक आपली नव्हती. ती आपलीच असणार असं धरून चालण्याची सवय मात्र आपली होती. ते न विचारताच खुर्चीत बसले.

शुक्रवारचं रिलीज रद्द झालं. मजकूर सगळीकडून उतरवला गेला, भिंतीवर लाल चौकोन उमटले, पाहुण्यांना काही दिवस दुसऱ्या जिन्याने नेलं गेलं. नापास होण्याचं कारण तपासायची परवानगी विचाराधीन होती ती त्याच दुपारी मिळाली. आपला कशाशी काही संबंध नसल्यासारखे काका खाली मान घालून काम करत राहिले. कायम करण्याबद्दल कुणी अवाक्षर काढेना, आणि विचारायचा त्यांना धीर होईना. वरिष्ठाची चूक काढणाऱ्याला कुणी कायम करत नाही, असं त्यांनी स्वतःला रोज समजावून ठेवलं.

असे बरेच दिवस गेल्यावर पाण्याच्या मशीनपाशी मॅडम बाटली भरता भरता म्हणाल्या, "काका, तुमचं कायमचं झालं बरं का," आणि बाटलीला झाकण लावून निघून गेल्या.

घरी आल्यावर बायकोने बातमी ऐकली आणि तिचे डोळे भरून आले. मुलीने बाबांना मिठी मारली. चहा झाला. काका मात्र कपाकडे बघत बसले होते.

"आता काय झालं?" बायको म्हणाली. "झालात ना कायम?"

"झालो. पण कशामुळे ते बोलल्या नाहीत."

"कशामुळे का असेना."

"असं कसं? चुकून झालो असलो तर? दुसऱ्याच कुणाच्या नावावर झालो असलो तर? त्यांना माझं आडनाव तरी ठाऊक आहे का?"

"अहो, पास झालात ना? मग गप्प चहा प्या."

काकांनी कप उचलला आणि परत ठेवला. मग बायकोचा हात अडवायला पुढे येण्याआधी त्यांनी मॅडमना फोन लावला, इकडचं तिकडचं बोलले, आणि शेवटी चाचरत विचारलं. पलीकडे मॅडम जरा घुटमळल्या.

"खरं सांगू का काका? त्या सगळ्या जुन्या चाचण्या आहेत ना, त्या एकेक उघडून, कोणती कशात नापास होते ते डोळ्यांनी बघायचंय. काही वर्षं चालेल ते काम. मी टीममधल्या प्रत्येकाला विचारलं. कुणी हात लावायला तयार नाही. मग म्हटलं, काका आहेत."

"बरं, बरं," काका म्हणाले. "आभारी आहे."

"काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

"म्हणाल्या, दुसरं कुणी मिळालं नाही."

बायको आणि मुलगी एकमेकींकडे बघू लागल्या. काकांच्या मनाला लागलं असणार, म्हणून काहीतरी बरं बोलावं असं बायकोच्या मनात होतं. काकांनी ते कारण एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने तपासून पाहिलं. खुशामत म्हणून कुणी असं बोलत नाही, आणि चुकून तर नाहीच नाही. कुठेही फट सापडेना. मग त्यांनी कप पुढे ओढला, निवलेला चहा एका घोटात संपवला, आणि तो रिकामा कप बायकोपुढे धरला.

"अजून आहे का थोडा?" ते म्हणाले. "आता जरा चव लागतेय."